सांगितले आणि पोचले

सरकारी दवाखान्यात तासभर बसलात तर एक वाक्य तुमच्या कानावर दहा वेळा पडेल. "गोळ्या वेळेवर घ्या, सकस आहार घ्या आणि विश्रांती घ्या." यातल्या गोळ्या दवाखाना देतो. उरलेल्या दोन गोष्टी कुठून घ्यायच्या हे मात्र कोणी सांगत नाही. सकस आहार जणू दारातल्या झाडाला लागलेला असतो आणि विश्रांती कोपऱ्यावरच्या दुकानात किलोवर मिळते!

डॉक्टरांना नावे ठेवायला मी हे लिहीत नाही. सल्ला बरोबरच आहे. पण मी जन्मभर मराठी शिकवले, त्यामुळे माझे लक्ष आधी क्रियापदाकडे जाते. 'घ्या' हे आज्ञार्थी रूप आहे. ते वापरायचे तर समोरच्याच्या हाताशी घेण्याजोगे काहीतरी असावे लागते. ज्याची रोजची मजुरी आजारपणाने बुडाली आहे, त्याला 'विश्रांती घ्या' म्हणणे म्हणजे पाटी-पेन्सिल नसलेल्या मुलाला 'लिहा' म्हणण्यासारखे आहे.

गेली चार वर्षे मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन बसते. क्षयरोगाच्या खोलीबाहेर एक बाक आहे, तिथे. अर्ज भरून देणे, कागद वाचून सांगणे, कुठे जायचे ते समजावणे एवढेच काम. तिथला डॉक्टर माझा जुना विद्यार्थी, त्यामुळे कोणी उठवत नाही. या चार वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे. रुग्णाला योजनेचे नाव सांगणे आणि त्या योजनेतले धान्य किंवा पैसे त्याच्या घरात पोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली सगळी यंत्रणा पहिली गोष्ट करून थांबते. दुसरी कोणाचेच काम नाही.

शाळेत आम्ही हा वाद एकदा पाहिलेला आहे. १९९५ साली शालेय पोषण आहाराची योजना आली तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळत. पुढे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला आणि आमच्याकडे खिचडी सुरू झाली. शिक्षकांच्या खोलीत तेव्हा जी कुरकूर चाले ती अजून आठवते. आम्ही शिकवायचे की पातेली मोजायची? कुरकुरीत तथ्यही होते, कारण हिशेबाच्या वह्या शिक्षकांच्याच गळ्यात पडल्या. पण उपाशी मुलाच्या डोक्यात काही शिरत नाही, हे कोणत्या शिक्षकाला माहीत नव्हते? तिसऱ्या तासाला बाकावर डोके टेकणारी पोरे आम्ही रोज पाहत होतो. मुलाची भूक हा शाळेचा विषय आहे हे मान्य व्हायला स्वातंत्र्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे लागली. रुग्णाची भूक हा दवाखान्याचा विषय आहे, हे मान्य व्हायला किती लागणार?

याला आता शास्त्राचाही आधार आहे. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा अभ्यास केला. २८०० क्षयरोगी आणि त्यांच्या घरातली दहा हजारांवर माणसे. सगळ्या रुग्णांना औषधांबरोबर दर महिन्याला दहा किलोची शिधा दिली: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. निम्म्या गटांत घरातल्या इतर माणसांनाही माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरले. थुंकीच्या तपासणीत सिद्ध होणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाबाबत तर ४८ टक्क्यांनी. हा अभ्यास २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकाने छापला. नवी लस नाही, नवे औषध नाही... तांदूळ आणि डाळ!

त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, तो मी वहीत लिहून ठेवला आहे. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी झाला. आमच्याकडे येणारी एखादी बाई तेहतीस किलोची असते. तिचे पाच टक्के म्हणजे पावणेदोन किलोसुद्धा नाहीत. एवढेसे वजन घरात आणण्यासाठी काय करावे लागते ते सांगते.

आमच्या भागात साखर कारखाना आहे. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि शिवारात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. माणसे मोजायची ती कोयत्यांत. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती तोडीतून फेडायची असते. त्यामुळे दोघांतले एक आजारी पडले की अर्धा कोयता राहतो, पण उचल अर्धी होत नाही.

अशीच एक तिशीतली बाई दोन हंगामांपूर्वी डिसेंबरात खोकत आली. तपासणी झाली, क्षय निघाला, गोळ्या सुरू झाल्या. दवाखान्याने आपले काम चोख केले. पंधरा दिवसांनी तिचा नवरा एकटाच आला आणि बाकावर माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "बाई, गोळ्या चालू झाल्यापासून हिला लय भूक लागती. रात्री उठून भाकर मागती. गोळी एक दिवसाआड दिली तर नाही का चालणार?"

हे वाचून तुम्हाला तो अडाणी वाटेल. मला तो हिशेबी वाटला. औषध लागू पडू लागले की क्षयरोग्याची गेलेली भूक परत येते. डॉक्टरच्या दृष्टीने ते सुचिन्ह. ज्याच्या पिठाच्या डब्याचा तळ दिसतो आहे त्याच्या दृष्टीने ते संकट. क्षयाच्या गोळ्या अर्धवट सोडणाऱ्यांना आपण बेजबाबदार म्हणतो. त्यांतल्या किती जणांनी भूक परवडत नाही म्हणून गोळ्या सोडल्या, हे कोणत्या केसपेपरवर लिहिलेले असते?

आता या घरासाठी कागदावर काय काय होते? क्षयरोग्याच्या पोषणासाठी सरकार दरमहा पैसे देते. २०१८ मध्ये ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य आहे, २०२३ पासून फुकट, आणि ते कुठल्याही गावच्या दुकानातून उचलता येते. म्हणजे योजनांची वाण नव्हती. ती दोघे त्या योजनांत बसतही होती. तरीही घरात दाणा नव्हता!

रेशन दुकानदार म्हणाला, तुमचे कार्ड गावचे आहे, गावाला जाऊन घ्या. तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन फोन करवून घेतला, तेव्हा तो मशीन पुढे करायला तयार झाला. मग मशीनला अंगठा पटेना. उसाच्या पाचटाने ज्यांची बोटे रोज कापली जातात त्यांचे ठसे कुठून उमटणार? नवऱ्याचे चौथे बोट लागले एकदाचे. दोघांच्या वाट्याचे दहा किलो मिळाले. उरलेले गावी सासू आणि मुलांसाठी राहिले. ही सोय आहे हे त्या दोघांना तर माहीत नव्हतेच, दुकानदारालाही धड माहीत नव्हते.

पैशाचे तर आणखी लांबले. बाईचे बँकेत खाते होते, पण बराच काळ व्यवहार नाही म्हणून ते गोठलेले, आणि शाखा तिच्या गावाकडे. अडीचशे किलोमीटर कोण जाणार? शेवटी पोस्टमनने तोड काढली. पोस्टाच्या बँकेचे खाते आधार कार्डावर जागच्या जागी उघडता येते. तो आपले यंत्र घेऊन कोपीवर आला आणि खाते उघडून गेला. त्या दिवशी त्याला मी चहा पाजला, पण खरे तर त्याचा सत्कार करायला हवा होता. पैसे जमा व्हायला पुढे पाच आठवडे गेले. तोवर गावातल्या बचतगटाने शेंगदाणे आणि गूळ दिला आणि एका किराणावाल्याने डाळ-अंडी उधारीवर. रेशनमध्ये गहू-तांदूळ मिळतात, डाळ नाही, हे लक्षात घ्या. क्षयाने झिजलेल्या अंगाला लागतात ती प्रथिने. ती दुकानातूनच विकत आणायची.

राहिली विश्रांती. तिच्यासाठी मुकादमाकडे जावे लागले. तो काही राक्षस नव्हता. त्याच्याही डोक्यावर कारखान्याची उचल होती. बऱ्याच बोलाचालीनंतर ठरले की तिच्या दिराला गावाहून बोलवायचे, कोयता पुरा करायचा आणि तिने कोपीवर राहायचे. म्हणजे विश्रांतीसाठी एक माणूस दुसऱ्या जिल्ह्यातून आणावा लागला. सल्ल्यात तो केवढासा शब्द होता!

मार्चमध्ये टोळी परत गेली तेव्हा तिचे वजन साडेसदतीस किलो होते. क्षयरोग विभागातल्या पर्यवेक्षकाने तिची नोंद तिच्या तालुक्यात वर्ग केली आणि नुसती नोंद करून न थांबता तिथल्या माणसाला फोन केला. त्या फोनला मी औषधाच्या गोळीएवढीच किंमत देते.

मोजून पाहा. रेशन दुकान, तहसील, बँक, पोस्ट, बचतगट, किराणा दुकान, मुकादम. सात दारे झाली. दवाखाना आठवा. सकाळपासून रांग लावून उभ्या असलेल्या रुग्णांतून डॉक्टरने ही दारे वाजवावीत असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. आशाताईंनी करावे म्हणावे, तर त्यांच्याकडे आधीच कामांचे ओझे. आणि शिवारातल्या कोप्यांतली माणसे निदान आमच्याकडे तरी कोणत्याच आशाताईच्या यादीत नव्हती. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र असतो. तो चांगले काम करतो, पण त्याचे मैत्र ऑपरेशनच्या मंजुरीपुरते. रुग्ण घरी गेल्यावर चूल पेटली का, हे त्याच्या फॉर्ममध्ये नाही.

यासाठी वेगळे माणूस लागते ही कल्पना काही आजची नाही. मुंबईत नागपाड्याला १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी पहिली संस्था निघाली, तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावाजली. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. मोठ्या सरकारी रुग्णालयांत आजही 'समाजसेवा अधीक्षक' हे पद आहे. त्यांच्याही आधी हे ज्यांना कळले होते त्या गाडगेबाबांनी तर कोणत्याही संस्थेत शिक्षण घेतलेले नव्हते. पंढरपूर-नाशिकला त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, तशी मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांचीही सोय पाहिली. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आज कर्करोगाचे रुग्ण घरच्यांसह उतरतात. गावाहून आलेल्याला केमो मिळते, पण पाठ टेकायला जागा मिळत नाही, म्हणून परळच्या फुटपाथवर संसार मांडलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्या धर्मशाळेतल्या एका खोलीचे मोल सांगायला नको. मुद्दा असा की समाजसेवकाचे पद मोठ्या शहरात आणि जिल्ह्याच्या गावी आहे. तालुक्याला, जिथे माणूस पहिल्यांदा पायरी चढतो, तिथे आमच्याकडे बाक आहे आणि बाकावर मी!

कागदपत्रांबद्दल थोडे बोलल्याशिवाय राहवत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासूनची आहे. क्षय, कर्करोग, कुष्ठरोग, एड्स अशा रोगांनी ज्यांचे कमावणे थांबले त्यांना तिच्यातून महिना दीड हजार रुपये मिळतात. चांगली योजना आहे, अनेक म्हातारी-कोतारी तिच्यावर तगून आहेत. पण उत्पन्नाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला एकवीस हजार, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. एवढ्यात महिना काढणारे कुटुंब शोधूनच काढावे लागेल! शिवाय रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रोगाचा दाखला, आणि या सगळ्यावर आधार कार्ड. निराधार ठरायला इतके आधार लागतात हे एखाद्या विनोदी लेखकाला सुचले नसते. त्या ऊसतोडीच्या बाईला हा अर्ज तिच्या स्वतःच्या तालुक्यातच करता आला असता. हंगाम सोडून तिकडे जायचे तर पुन्हा उचलीचा प्रश्न.

तीच गत धर्मादाय रुग्णालयांतल्या खाटांची. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून आहे. पुण्या-मुंबईच्या मोठमोठ्या रुग्णालयांनाही ती लागू आहे. आमच्या बाकावर बसणाऱ्यांपैकी कोणाला हे ठाऊक असते? ज्याला ठाऊक असते तो बहुधा कोणाचा तरी कार्यकर्ता असतो.

माझ्या डॉक्टर विद्यार्थ्याशी यावर माझे भांडण होते. तो म्हणतो, "बाई, मी विचारले घरात खायला आहे का, आणि ती नाही म्हणाली, तर मी पुढे काय लिहू? विचारून आशा लावायची आणि हातात काहीच द्यायचे नाही, त्यापेक्षा न विचारलेले बरे." त्याचे म्हणणे मी झटकून टाकत नाही. नुसते प्रश्न विचारून तक्ते भरणे हा आपल्याकडचा जुना रोग आहे. माणसाच्या गरिबीची नोंद घ्यायची आणि त्याला तसेच परत पाठवायचे हा एक प्रकारचा अपमानच. पण म्हणून न विचारणे हा उपाय कसा? खोकल्याची तपासणीही आपण औषध नव्हते तेव्हापासून करत आलो. विचारावे, आणि पुढच्या ओळीत औषधासारखे एका माणसाचे नाव लिहावे, की याच्याकडे जा, हा तुमच्याबरोबर येईल.

'बरोबर येईल' हे महत्त्वाचे. आमच्या बाकावरच्या वहीत आधी एकच रकाना होता: 'माहिती दिली'. तिथे बरोबरच्या खुणांची रांग लागायची आणि वही पाहणारा खूश व्हायचा. आता मी शेजारी दुसरा रकाना आखला आहे: 'पोचले'. धान्य पिशवीत पडले, पैसे खात्यात आले, एसटीच्या सवलतीचा दाखला हातात मिळाला, की मगच तिथे खूण. त्या रकान्यात अजून बऱ्याच जागा रिकाम्या आहेत. रिकाम्या दिसतात म्हणून तर पुन्हा फोन करावासा वाटतो. शाळेतल्या हजेरीपटाचा तोच तर उपयोग होता, गैरहजर कोण ते कळायचे.

तुम्ही म्हणाल, मग तुमच्यासारख्या निवृत्त लोकांनी हे काम घ्यावे. जरूर घ्यावे, वेळ बरा जातो. पण व्यवस्था म्हणून हे आमच्या गुडघ्यांवर उभी करू नका. मी आजारी पडले त्या महिन्यात बाक रिकामा होता. हे पगारी माणसाचे काम आहे. त्याला टेबल हवे, फोन हवा, तहसीलात आणि बँकेत आत जाण्याचा अधिकार हवा. समाजकार्याची पदवी घेतलेली मुले-मुली नोकरीसाठी वणवण फिरत आहेत, त्यांतले एक ग्रामीण रुग्णालयाला द्यायला खर्च कितीसा?

आणि एक विनंती दानशूरांना. २०२२ पासून क्षयरुग्णांना 'निक्षय मित्र' होऊन शिधा देण्याची सोय झाली, ती उत्तम आहे. पण शिधा देताना फोटो काढू नका. आमच्याकडे एका कार्यक्रमात पिशव्या वाटल्या गेल्या, मागे फलक, पुढे पुढारी. एक मुलगी पिशवी न घेताच मागल्या दाराने निघून गेली. तिचे लग्न ठरत होते. पिशवी पर्यवेक्षकाने नंतर संध्याकाळी तिच्या घरी नेऊन दिली, गाडीच्या डिकीतून, कोणाला दिसू न देता. वहीतल्या रकान्यात ती खूण मी स्वतः केली.

यंदाही दिवाळीनंतर टोळ्या येतील. कोणती टोळी कोणत्या शिवारात उतरणार याची यादी कारखान्याच्या शेतकी खात्याकडे असते. ती या वेळी आधीच मागून घ्यायची असे आम्ही ठरवले आहे. कोप्या उभ्या राहिल्या की पहिल्याच आठवड्यात पोस्टमन एक दिवस येणार आहे, पुरवठा शाखेतल्या कारकुनानेही हो म्हटले आहे. रुग्णालयात समाजसेवकाचे पद द्यावे असा अर्ज जिल्ह्याला पाठवला आहे. पोच आली आहे, उत्तर यायचे आहे.